पेन्शनवर आलेल्या सैनिकासाठी मनाचे उपचार: कोकणात कुठे जायचं, काय न्यायचं, काय टाळायचं

कलमांना मोहोर आला की वानरं आणि डुकरं हाकलायला बागांमधून सुतळी बॉम्ब फुटू लागतात. शेजारच्या बागेत असा एक बार झाला, घरात नुकताच पेन्शनवर आलेला माणूस झटक्यात गडग्याआड आडवा झाला आणि पुढे तासभर त्याचे हात थरथरत राहिले, तर पोरांना हसू देऊ नका. शरीर वर्षानुवर्षं जे शिकलं तेच ते अजून करतंय. याला उपचार आहेत. ते कोकणात राहून घेता येतात आणि पेन्शनधारकाला त्यातले बहुतेक फारसा खर्च न करता मिळतात. गाडी अडते ती मधल्या जागांमध्ये. रेफरलची, म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवणाऱ्या चिठ्ठीची, तारीख उलटते, गोळ्या संपतात, घाटात दरड येते, कोणीतरी सांगतं की आता बरा आहेस, बंद कर.

आधी ओळखायचं कसं

रात्री दोन-अडीचला जाग येणं आणि सगळ्या कड्या-कोयंडे पुन्हा तपासून येणं. लग्नाच्या मांडवात भिंतीला पाठ लावूनच बसणं. एसटीत गर्दी झाली की मधल्याच थांब्यावर उतरणं. क्षुल्लक गोष्टीवरून भडका उडणं आणि नंतर दोन दिवस तोंड मिटून राहणं. तेच स्वप्न परत परत पडणं. नातवंडं समोर खेळत असताना आत काहीच न हलणं. एखाद्या भयंकर प्रसंगानंतरचा असा त्रास महिन्याहून जास्त टिकला आणि घर किंवा काम बिघडू लागलं, तर तो आघातानंतरचा ताणविकार असू शकतो. डॉक्टर त्याला ‘पीटीएसडी’ म्हणतात. नैराश्यासाठी मुदत आणखी कमी आहे. सलग दोन आठवडे मन उतरलेलं, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, एवढं असलं तरी दाखवायला जावं. लढाई पाहिलेली असायलाच हवी असंही नाही. हिमस्खलन, जहाजावरची आग, गाडीचा अपघात, सोबत्याचा मृत्यू किंवा वीस-पंचवीस वर्षं घरापासून दूर राहिल्यावर आलेलं परकेपण, यातल्या कशानेही माणूस खचतो.

फौजी माणूस अडतो तो ‘सायक’, म्हणजे मनोविकार, या शब्दापाशी. नोकरीत असताना वैद्यकीय श्रेणीच्या ‘शेप’मधलं पहिलं अक्षर, एस, मनाचं असतं. ते घसरलं की ‘लो मेडिकल’ होतं आणि बढती अडते, म्हणून तिथे लोक लपवत आले. आता श्रेणी नाही आणि बढतीही नाही. उपचार घेतले म्हणून मिळतं ते पेन्शन कमी होत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे तुमच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टर आणि रुग्णालय यांना बंधनकारक आहे.

घरच्यांनी गावदेवाला कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, तर हरकत नाही. त्याने घराला धीर येतो. पण कोणी ‘बाहेरचं आहे, गोळ्या बंद करा’ असं सांगितलं तर गाऱ्हाणंही चालू ठेवा आणि गोळ्याही.

आज रात्रीच धोका असेल तर

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, निरवानिरव करणं, वस्तू वाटून टाकणं, हे दिसलं की बाकीच्या पायऱ्या बाजूला ठेवा. सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने डोक्यात तसला विचार घातला जात नाही. उलट माणूस बोलता होतो. त्याला एकटं ठेवू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. अंगावर बेतलं असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

त्याच वेळी घरातल्या दोन वस्तू हलवा. पहिली बंदूक. पीकसंरक्षणाचा परवाना किंवा सुरक्षारक्षकाची नोकरी यामुळे अनेक माजी सैनिकांकडे परवान्याची बंदूक असते. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घेता येते. कपाटाची किल्ली बायकोकडे देणं पुरेसं नाही, कारण किल्ली कुठे ठेवली ते त्याला ठाऊक असतंच. दुसरी वस्तू फवारणीची औषधं. आंबा-काजूच्या मोसमात त्यांच्या बाटल्या पडवीत उघड्यावर असतात. त्या मोसमापुरत्या शेजाऱ्याच्या किंवा बागेची कामं बघणाऱ्याच्या कुलपात ठेवा. असा झटका बहुधा थोडा वेळ टिकतो. तेवढा वेळ वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो.

प्रयत्न झालाच असेल तर पोलिसांच्या भीतीने ‘चुकून पोटात गेलं’ असं सांगू नका. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ असं मानतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता, आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरवतं. डॉक्टरला खरं सांगा आणि बाटली लेबलसकट सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका.

पहिलं दार कोणतं

आमचं मत स्पष्ट आहे: जे दार जवळ आहे आणि या आठवड्यात उघडं आहे, ते पहिलं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाची वाट बघत दोन महिने घालवू नका.

पेन्शनधारकाचं हक्काचं दार ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना. ही योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. पत्नी आणि पात्र अवलंबितही तिच्यात येतात, हे विसरू नका. कित्येक घरांत नवऱ्याच्या आजाराने खचलेली बाईच आधी दाखवायची असते. पॉलीक्लिनिकच्या, म्हणजे या योजनेच्या दवाखान्याच्या, वैद्यकीय अधिकाऱ्याला झोपेचं, रागाचं, दारूचं खरं सांगितलं की तो मनोविकारतज्ज्ञाकडे रेफरल देतो. तिथल्या तिथे तपासायच्या गोष्टी चार आहेत. रेफरलवर मनोविकार विभागाचं नाव हवं, नुसतं ‘मेडिसिन’ चालणार नाही. ज्या रुग्णालयाचं नाव आहे ते एम्पॅनल्ड (योजनेच्या मान्य यादीतलं) असलं तरी मनोविकारासाठी आहे का, हे बघा, कारण मान्यता विभागवार असते आणि हृदयरोगासाठी मान्यता असलेलं रुग्णालय मनोविकाराचं बिल ईसीएचएसला लावू शकत नाही. मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे ते वाचा. आणि कार्डावरचं नाव आधारशी जुळतं का, तेही. यातलं एक जरी चुकलं तरी खिडकीवरून परत पाठवतात, आणि आधीच मन मारून आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

कार्ड अजून हातात आलं नसेल तर अर्जाची तात्पुरती स्लिप छापून सोबत ठेवा.

सरकारी दार सगळ्यांना उघडं आहे, पेन्शन असो वा नसो. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस (सिंधुदुर्गनगरी) इथल्या जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकाराची ओपीडी चालते. निघण्याआधी फोन करून ओपीडीचा वार विचारा. मंडणगडहून किंवा दोडामार्गहून पहाटेच्या गाडीने निघायचं आणि तिथे कळायचं की डॉक्टर आज शिबिराला गेलेत, हे टाळता येतं. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. राज्यात अशी सरकारी मनोरुग्णालयं चार, त्यांतलं कोकण किनाऱ्यावरचं हे. नाव ऐकून लोक दचकतात. पण तिथे ओपीडी आहे, आणि ओपीडीत दाखवलं म्हणजे भरती झालं असं नसतं. तपासणी करून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं.

सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्गच्या लोकांना रत्नागिरीपेक्षा गोव्यातली बांबोळी जवळ पडते. तिथली मनोविकार संस्था मोठी आहे. सैन्याच्या रुग्णालयांपैकी मुंबईतलं कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी आणि पुण्याचं कमांड हॉस्पिटल इथे मनोविकार विभाग आहेत. निदान अवघड असेल, गोळ्या बदलूनही फरक नसेल किंवा भरती लागणार असेल, तर तिथे जाण्यात अर्थ आहे. दर महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही.

फाइल

एकच फाइल करा, प्लॅस्टिकची, पावसात टिकेल अशी. ईसीएचएस कार्डाची आणि पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) प्रत, डिस्चार्ज बुक, आधार आणि सैन्यातून निघतानाच्या मेडिकल बोर्डाचे कागद. या बोर्डाच्या फॉर्मचं नाव एएफएमएसएफ-१६. तुमच्याकडे प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करून मागा. उपचाराला तो लागतोच असं नाही, पण पुढे अपंगत्व पेन्शनचा विषय निघाला तर सगळं त्याच्यावर ठरतं.

वर एक पानी टिपण ठेवा, घरच्यांनी लिहिलेलं: त्रास कधीपासून, किती तास झोप, आठवड्यात किती दारू, डोक्याला मार किंवा स्फोटाचा धक्का कधी बसला होता, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. बीपीची, साखरेची, गुडघ्याची, सगळ्या. ओपीडीत डॉक्टरला वेळ थोडा मिळतो. ‘झोप नाही हो’ एवढंच सांगितलं तर झोपेची गोळी मिळते. ‘तीच स्वप्नं पडतात, फटाक्याला खाली पडतो, रोज अर्धी बाटली लागते’ असं सांगितलं तर उपचार सुरू होतो.

पहिल्या भेटीत थायरॉइड, बी१२, साखर आणि लिव्हर यांच्या तपासण्या होतात का बघा. नसतील तर विचारा. थायरॉइड किंवा बी१२ कमी असलं तरी माणूस नैराश्यासारखाच दिसतो. साठी-सत्तरी ओलांडलेला सुभेदार अचानक गोष्टी विसरायला लागला तर ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा विसरभोळेपणाच्या रूपानेच दिसतं, आणि ते बरं होतं.

गोळ्या: काय अपेक्षा ठेवायची

आघाताच्या विकारात आणि नैराश्यात पहिल्यांदा बहुधा सर्ट्रालीनसारखं औषध देतात. सुरुवात २५ किंवा ५० मिलिग्रॅमने होते आणि गरजेप्रमाणे २०० पर्यंत जाते. पहिल्या आठ-पंधरा दिवसांत मळमळ, पोट बिघडणं, थोडी बेचैनी होते. गुण मात्र चार ते सहा आठवड्यांनी दिसू लागतो. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर. बहुतेक जण नेमके या मधल्या काळात गोळी टाकून देतात. दुसरं कारण कोणी बोलत नाही: या गोळ्यांनी शरीरसंबंधात अडचण येऊ शकते. लाजू नका, डॉक्टरला सांगा. मात्रा किंवा औषध बदलून मार्ग निघतो. गुपचूप बंद केलं की आजार उलटतो.

बरं वाटल्यावरही नैराश्यात आणखी सहा ते नऊ महिने आणि आघाताच्या विकारात साधारण वर्षभर औषध चालतं. थांबवायचं ते डॉक्टरच्या सल्ल्याने, हळूहळू उतरवत. पॅरॉक्सेटीन किंवा व्हेनलाफॅक्सिन एकदम तोडलं तर चक्कर, अंगात विजेसारखे झटके आणि चिडचिड होते. घरच्यांना वाटतं रोग वाढला.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांच्याबाबत सावध राहा. पहिल्या रात्रीपासून झोप लागते म्हणून त्या आवडतात. पण आघाताच्या विकारावर त्या उपचार नाहीत, सवय लागते, आणि दारूसोबत घेतल्या तर श्वास मंदावतो. महिनोन्महिने घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन दिलं असेल तर पहिली गोळी झोपताना घ्यायची आणि रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं. ते बीपी खाली आणतं, आणि बीपीची गोळी आधीच चालू असेल तर अंधारात पडझड होते.

मनाची अवस्था स्थिर ठेवायला लिथियम घेणाऱ्यांना कोकणातला एप्रिल-मे जपून काढावा लागतो. घाम वाहतो, पाणी कमी पडतं, अंगदुखीला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेतली जाते, आणि रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जातं. हात जोरात कापणं, जुलाब, तोल जाणं, शब्द जड येणं, असं काही दिसलं की गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना. दुखण्याला काय घ्यायचं ते आधीच विचारून ठेवा. बहुतेकदा पॅरासिटामॉलवर भागतं.

आणखी एक लहानशी वाटणारी गोष्ट. पॉलीक्लिनिकमध्ये दर वेळी त्याच कंपनीची गोळी मिळेलच असं नाही. गेल्या महिन्यात पांढरी होती, या महिन्यात पिवळी. म्हातारा माणूस दोन्ही घेतो किंवा एकही घेत नाही. पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम बघायला घरातल्या एकाला शिकवा.

दारू

कॅन्टीनची बाटली झोपेसाठी म्हणून सुरू होते. दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण ती उतरू लागली की पहाटे तीनला जाग येते आणि उरलेल्या झोपेत स्वप्नं दुप्पट जोराने येतात. म्हणजे ज्यासाठी प्यायची तेच बिघडतं.

रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ म्हणून घरात कोंडू नका. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत कापरं, घाम, उलट्या सुरू होतात. बारा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस भिंतीवरचे किडे झटकू लागतो आणि यात जीवही जातो. दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, पाच ते सात दिवसांच्या उतरत्या औषधांवर आणि थायमिन म्हणजे बी१ ची इंजेक्शनं देऊन. ग्लुकोजची बाटली लावणार असतील तर थायमिन आधी द्यायला हवं. गावात घरीच सलाइन लावतात तिथे हे राहून जातं.

आणि आमटीतून ‘दारू सोडवायची पावडर’ घालणं तर बिलकुल नको. त्यात बहुधा डायसल्फिराम असतं. वर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, बीपी कोसळतं, छातीत दुखतं, आणि औषध थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. तेच औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, लिव्हर तपासून दिलं तर कामाचं आहे.

बोलण्याचे उपचार

आघाताच्या विकारावर बोलण्याच्या उपचारांचा गुण गोळ्यांच्या तोडीचा आहे, आणि बहुधा तो जास्त टिकतो. हे नुसतं मन मोकळं करणं नव्हे, त्याला ठरलेली पद्धत आहे. एका पद्धतीत तो प्रसंग तज्ज्ञासमोर पुन्हा पुन्हा, सावकाश सांगायचा असतो. आठ ते पंधरा बैठका, एकेक दीड तासाची. दुसरीत ‘माझ्यामुळेच तो गेला’ यासारखे मनात रुतलेले निष्कर्ष लिहून तपासायचे असतात, साधारण बारा बैठका. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर काही जणांचा त्रास थोडा वाढतो. ते उपचार फसल्याचं लक्षण नाही. तिथे सोडू नका.

तज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, हे विचारा. नुसती ‘समुपदेशक’ ही पाटी कोणीही लावू शकतो. तालुक्याच्या गावी असे लोक विरळ, म्हणून व्हिडिओवरची बैठक हाच बहुतेकांचा मार्ग. ती ओटीवर बसून करू नका. येणारी-जाणारी माणसं ऐकतात आणि गडी गप्प होतो. मांगरात जा, कानाला इअरफोन लावा, रेंज आदल्या दिवशी तपासा. पावसात लाइट जाणार हे धरून फोन पूर्ण चार्ज करा आणि तुटलं तर साध्या फोनवर बोलायचं हे तज्ज्ञाशी आधी ठरवा.

भरती व्हावं लागलं तर

स्वतःहून भरती झालेल्याला स्वतःहून घरी जाता येतं. सोडण्याआधी तपासायला डॉक्टर फार तर चोवीस तास थांबवू शकतात. निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्याला नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर भरती करतात, आणि ती पहिल्यांदा तीस दिवसांपर्यंतच. हा प्रतिनिधी कोण, हे माणूस ठणठणीत असताना साध्या कागदावर लिहून सही करून ठेवता येतं. आजच करा. भाऊ आणि बायको यांच्यातला वाद रुग्णालयाच्या दारात नको. भूल न देता शॉक देणं कायद्याने बंद आहे.

तातडीने जवळच्या, एम्पॅनल्ड नसलेल्या रुग्णालयात न्यावं लागलं तर ४८ तासांच्या आत पॉलीक्लिनिकला कळवा आणि कोणाला कळवलं ते लिहून ठेवा. तातडीचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं आणि औषधांच्या पावत्या जपा. परतावा ठरलेल्या दरानेच मिळतो, त्यामुळे पूर्ण बिल परत येईल असं धरून चालू नका. आणि त्या भीतीने तातडीच्या वेळी उशीरही करू नका.

पेन्शन नसलेले, आणि अपंगत्वाचा प्रश्न

पेन्शन न घेता सुटलेल्यांनी अलिबाग, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. केंद्रीय सैनिक बोर्डाची वैद्यकीय मदत तिथूनच अर्ज करून मिळते. उपचार तोवर जिल्हा रुग्णालयात सुरू ठेवा.

आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेने वाढला, आणि मेडिकल बोर्डाने त्याचं अपंगत्व २० टक्के किंवा अधिक ठरवलं, तर अपंगत्वाचा लाभ मागता येतो. सैन्यात भरती होताना नोंद नसलेला आजार पुढे निघाला, तर तो सेवेशी संबंधित नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह खटल्यात म्हटलं. सप्टेंबर २०२३ नंतर सेवा सोडलेल्यांना मात्र नवे नियम लागू आहेत. आधी विभागाकडे अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ, असा हा रस्ता आहे आणि तो लांबचा आहे. तो उपचारापासून वेगळा ठेवा. निकाल लागेपर्यंत बरं व्हायचं थांबायचं नसतं.

पावसाळ्याची तयारी

मे संपण्याआधी डॉक्टरला सांगून हातात किमान पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या ठेवा. घरात जिवाचा धोका असेल तर त्या दुसऱ्याच्या ताब्यात. पाकिटं कापून सुट्या गोळ्या डब्यात भरू नका, दमटपणाने त्या फुगतात. पॉलीक्लिनिकमध्ये औषध नसेल तर चिठ्ठीवर ‘एनए’ (उपलब्ध नाही) असा शेरा करून घ्या. ते मागवून यायला दिवस लागतात, म्हणून गोळ्या संपायच्या आठ-दहा दिवस आधी फेरी मारायची. पुढच्या रेफरलची शेवटची तारीख गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहा. गणपतीत चाकरमानी आले की घर भरतं, झोपेची वेळ मोडते, फटाके वाजतात. त्या आठवड्यात त्याला मागच्या खोलीत निजू द्या, आणि बार कधी उडवणार ते पोरांनी आधी येऊन सांगायचं.